बाजार ते बाजार

मुंबईच्या एका मोठ्या साबण कंपनीच्या औरंगाबाद शाखेत मी नोकरीला होते. लागले ती टायपिस्ट म्हणून. नंतर पाहणी विभागात एक जागा रिकामी झाली, घरोघर फिरायचं काम म्हणून पुरुषांपैकी कुणी ती मागितली नाही आणि ती माझ्याकडे आली. बायकांशी बोलायचं, कपडे कशाने धुता, वडी किती दिवस पुरते, साबण कोण आणतं, असं विचारायचं आणि ते मुंबईला कळवायचं. मराठवाड्याचा बराचसा भाग माझ्याकडे होता. एसटीने जायचं, दिवसभर हिंडायचं, पायांचे तुकडे पडायचे. पण ते काम मला मनापासून आवडायचं. बाई आधी दारातूनच उत्तरं देते. मग उंबऱ्याशी बसते. मग तुम्हाला आत बोलावते आणि तुम्ही न विचारलेलं सांगायला लागते. ते न विचारलेलंच खरं कामाचं असतं.

अशाच एका उन्हाळ्यात माझ्या लक्षात आलं, की जिथे विहिरींचं पाणी खारं आहे त्या गावांत आमच्या साबणाला फेसच येत नाही. बायका वडी घासून घासून दमतात आणि पुढच्या वेळी दुसरा साबण आणतात. मी ते नीट लिहून पाठवलं. या भागासाठी वेगळी वडी करा, असंही सुचवलं. महिनाभराने साहेबांनी मला बोलावलं. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला खुर्ची दिली आणि म्हणाले, "बाई, तुमचं काम विचारायचं आहे. काय करायचं ते मुंबई ठरवेल."

त्यानंतर मुंबईहून एक खोकं आलं. त्यात सिनेमातल्या नटीची चित्रं होती, दुकानादुकानांत लावायला. नटीच्या हातात आमची वडी होती आणि कोपरापर्यंत फेस.

मी चित्रं वाटली. पण मनातून काहीतरी उतरलं ते उतरलंच. पुढे काही महिन्यांनी मला बढतीचं पत्र आलं. मुंबईला, मुख्य कचेरीत. तिथे टेबलाशी बसून दुसऱ्यांनी विचारून आणलेल्या उत्तरांची गोळाबेरीज करायची होती. शाखेतल्या सगळ्यांनी अभिनंदन केलं. एकाने पेढे आणले. मी पेढा खाल्ला आणि विचार करायला वेळ मागितला.

खरं तर मी विचार आधीपासूनच करत होते. जालना माझं माहेर. नवीन जालन्यात तेव्हा एकेक नवा धंदा उभा राहत होता. कुणी बियाणं करत होतं, कुणी लोखंडी ट्रंका, कुणी अवजारं, कुणी उदबत्त्या. माल चांगला असायचा. पण तो करून झाला की करणारा दुकानात बसून गिऱ्हाइकाची वाट बघायचा. गिऱ्हाइकाला काय हवंय, हे विचारायला त्याच्याकडे माणूस नव्हता आणि असा माणूस पगारावर ठेवणं कुणाला झेपणारंही नव्हतं. मग सगळ्यांच्या वतीने एकाच बाईने विचारलं तर? मुंबईत असं काम करणारे लोक आहेत, हे मला ठाऊक होतं. जालन्यात ते का होऊ नये?

माझे यजमान जाफराबादच्या शाळेत शिक्षक होते. आमचं लग्न होऊन चार-पाच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि संसार दोन गावांत वाटलेला होता. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तू मुंबईला गेलीस तर मी तुला दिवाळीत भेटणार. जालन्याला आलीस तर दर शनिवारी. मला शनिवार बरा वाटतो."

अवघड होते ते बाबा. ते रेल्वेत गँगमन होते. उन्हापावसात रुळांवर राबून त्यांनी मला शिकवलं. छप्पन साली दीक्षा घेतली, त्या वर्षापासून घरातलं जुनं सगळं बाहेर गेलं आणि माझ्या पुस्तकांना फळी आली. आई गेल्यावरही त्यांनी माझी शाळा सुटू दिली नाही. मला कंपनीत नोकरी लागली तेव्हा त्यांनी वस्तीत घरोघर जाऊन सांगितलं होतं. अशा माणसाला नोकरी सोडते म्हणून सांगायचं म्हणजे माझ्या जिवावर आलं होतं. मी सांगितलं तेव्हा ते निवृत्त होऊन घरीच होते, ओट्यावर बसून चपलेला टाका घालत होते.

"काढलं का तुला?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. मीच सोडते आहे."

"माय, आपल्यात नोकरीवरून काढलेले लई पाह्यले म्या. सोडलेला एक बी पाह्यला न्हाई." मग जरा वेळाने, "दुकान टाकून राह्यली का?"

"दुकानासारखंच. पण माल नाही त्यात. सल्ला द्यायचा. माल कसा विकावा त्याचा."

बाबांनी चप्पल खाली ठेवली. "सल्ला तर लोक फुकट देऊन राह्यले. तरी बी घेत न्हाई कोणी."

पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुठेसे गेले आणि दुपारी हातगाडीवर एक जुनं सागवानी टेबल घेऊन आले. कुठून आणलं ते त्यांनी सांगितलं नाही. म्हणाले, "सल्ला द्यायचा तर बसून दे. उभ्यानं दिलेला कोन ऐकतो?"

स्टेशनच्या रस्त्यावर एका सायकल दुकानाशेजारी मला खोली मिळाली. बाहेर पाटी लावली. 'विक्री सल्लागार' असं रंगवून घेतलं आणि खाली बारीक अक्षरांत 'आपला माल कोणास व कसा विकावा याबद्दल सल्ला मिळेल.' बारीक अक्षरं कुणी वाचली नाहीत. पहिल्याच आठवड्यात एक जण कपाशीचा आजचा भाव विचारायला आला. दुसऱ्याला बांधावरच्या भांडणात वकील हवा होता. सल्लागार म्हटल्यावर त्याला वाटलं, वकिलीच असेल. एक गृहस्थ तर मुलीचं स्थळ बघायला आले. मी त्यांना माझं काम समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "तेच म्हणतो मी. तुम्ही घरोघर फिरता म्हणल्यावर एखादा मुलगा नजरेत असंलच की."

असे बरेच दिवस गेले. मी वेळेवर खोली उघडायचे, टेबल पुसायचे आणि बसायचे. कंपनीत असताना दुपारी चार वाजता चहा यायचा. इथे चारच्या सुमाराला शेजारच्या दुकानातून सायकलच्या ट्यूबला ठिगळ लावल्याचा वास यायचा.

मग एक दिवस मिस्त्रीभाई आले. जुन्या जालन्यात त्यांचं पत्र्याच्या कामाचं दुकान होतं. वय पंचेचाळिशीचं, हातावर पत्र्याला डाग देताना भाजल्याच्या खुणा. सायकलवाल्याने त्यांना सांगितलं होतं, की या बाई कंपनीत होत्या, त्यांना विचारा. त्यांनी पिशवीतून वातीचा एक स्टो काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

"बाई, हा पाहा. माल बिलकुल बराबर आहे. गळत न्हाई, भडकत न्हाई. पन बाजारात उठत न्हाई. दुकानदार म्हनतो, लोक मुंबईचा स्टो मांगते. मंग मी काय करू?"

मी स्टो उलटसुलट करून पाहिला. काम खरंच स्वच्छ होतं. सोबतच्या खोक्यावर छापलं होतं, 'पूर्ण स्वयंपाकाचा स्टो. चुलीला कायमची सुट्टी.'

"हा विकत कोण घेतं? बाई की माणूस?"

"पैसा तर मर्दच देतो."

"आणि वापरतं कोण?"

ते हसले. म्हणाले, "ये भी कोई पूछने की बात है?"

"तुमच्या घरात भाभी कशावर स्वयंपाक करतात?"

टोपी काढून त्यांनी डोकं खाजवलं. "चुल्हे पर," ते म्हणाले.

"मग आधी मला तुमच्या घरी नेऊन सोडा," मी म्हटलं. "पैशाचं नंतर बोलू. स्टो खपला तर द्या, नाही खपला तर नका देऊ."

त्यांच्या घरी ते मला दारातच सोडून परत दुकानावर गेले, आणि ते बरं झालं. त्यांच्या बायकोने मला आत नेलं, चटई घातली. चुलीवर ज्वारीच्या भाकरी चालल्या होत्या. स्टो कोपऱ्यात होता, चकचकीत घासलेला. मी विचारलं, की घरचाच स्टो असून भाकरी चुलीवर का?

"आपा, इस पे भाकरी नहीं होती," त्या म्हणाल्या. "तवा बीच में जलता, किनारे कच्चे रहते. आणि भाकरी फुलाने को अंगारे कां से लाना?"

"तुम्ही हे भाईंना सांगितलं नाही?"

"उन्नो पूछेच नहीं."

"मग हा पेटवता कधी?"

"फजर को. ये नमाज को उठते, उस वखत चुल्हा कौन सुलगाना? दो मिनट में चाय हो जाती. रात को बच्चे का दूध गरम करना हुआ तो भी येच."

मी पुढचे काही दिवस जालन्याच्या आसपासच्या गावांत हिंडले. ज्यांच्याकडे स्टो होता त्या बायकांना विचारलं, ज्यांच्याकडे नव्हता त्यांनाही विचारलं. सगळीकडे तेच उत्तर, शब्द फक्त वेगळे. भाकरी चुलीवरच. शिवाय रॉकेल रेशनवर, मिळेल तेवढंच. ते दिव्याला पुरवायचं, स्टोवर सगळा स्वयंपाक कोण करणार? पण पहाटेचा चहा, पाहुणा आला की चहा, बाळंतिणीला गरम पाणी, हे सांगताना बायकांचा आवाज बदलायचा. पावसाळ्यात ओली लाकडं फुंकून चहा करायचा म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

मी मिस्त्रीभाईंना सांगितलं, "याला स्वयंपाकाचा स्टो म्हणू नका. चहाचा स्टो म्हणा. जरा लहान करा, वाती कमी करा. रॉकेल कमी लागेल आणि किंमतही उतरेल."

त्यांना ते फार लागलं. "इतका मोठा स्टो मी केला आन तुमी म्हनता, चाय का? खोक्यावर काय छापलं, वाचलं न्हाई का?"

"वाचलं. पण भाभींना ते पटत नाही."

घरी गेल्यावर त्यांचं काय बोलणं झालं, मला माहीत नाही. आठ-दहा दिवसांनी ते लहान स्टो करून घेऊन आले. तोंड जरा फुगलेलं होतं, पण स्टो देखणा झाला होता.

तो दाखवायला आम्ही वाटूरचा बाजार निवडला. वाटूर मोठं गाव, रस्त्यांचा फाटा, चारी बाजूंच्या खेड्यांतली माणसं तिथे उतरतात. एसटीच्या टपावर स्टोंचं पोतं टाकलं आणि आम्ही गेलो. एका लिंबाखाली मी सतरंजी घातली, दोन स्टो पेटवले आणि चहा ठेवला. मिस्त्रीभाई पाणी आणून देत होते. मी येणाऱ्या बायकांना बोलावत होते. "बसा, चहा घ्या. किती वेळात होतो बघा." बघता बघता घोळका जमला. बायका ज्योतीकडे वाकून बघत होत्या. काळी होत नाही ना, वात किती दिवस जाते, असं विचारत होत्या. मी कपबशा भरत होते. मला वाटलं, जमलं आपलं.

एक म्हाताऱ्या बाई घोळक्यातून पुढे आल्या. नऊवारी लुगडं, ठसठशीत कुंकू, आजूबाजूच्या बायकांनी त्यांना वाट करून दिली. घर मोठं असणार. मी त्यांच्यापुढे कप धरला. त्यांनी तो घेतला नाही.

"कुठली गं तू?"

"जालन्याची."

"जालन्यात कुठली?"

"रेल्वे लाइनीकडची."

"आडनाव काय?"

मी आडनाव सांगितलं. बाकीचं त्यांनी स्वतःच ओळखलं, आणि त्यांच्या मागच्यांनीही. एका बाईने हातातला कप सतरंजीच्या कडेला ठेवला. दुसरीने चहा हळूच मातीत ओतला. तिसरीने प्यायला होता, ती पदर तोंडाला लावून निघून गेली. खुरपणीहून आलेल्या दोघी बसून राहिल्या. त्यांनी आपला चहा संपवला आणि एकीने आणखी मागितला. मी तिला दिला. भांडं मी दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

आजी मात्र गेल्या नव्हत्या. त्या उकिडव्या बसून स्टोकडे बघत होत्या. वात वर-खाली करून बघितली.

"जळतो बरा," त्या म्हणाल्या. "तुझ्या हातचा चहा मला चालायचा न्हाई. पण स्टो चांगला हाये."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण आवाज वर जाऊ दिला नाही. मी म्हटलं, "मग स्टो घरी घेऊन जा आजी. तुमच्या हातानं चहा करा. पुढच्या बाजारी मी येईन, तेव्हा सांगा कसा वाटला."

"पैसे?"

"आत्ता काही देऊ नका."

त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. मग आपल्या गड्याला हाक मारली, आणि गडी स्टो उचलून त्यांच्यामागे चालू लागला. मिस्त्रीभाई पाण्याची बादली धरून तसेच उभे होते.

आम्ही बाजार उठेपर्यंत बसलो. दिवसभरात दोन स्टो विकले गेले. परतीच्या एसटीत मिस्त्रीभाईंनी दिवसाचे पैसे मोजले. मग म्हणाले, "तो स्टो गेला, बाई."

"येईल परत."

"एक बात बोलू? आडनाव दुसरं सांगितलं असतं तर? बाजारात कोन पाहतो?"

"पुढच्या आठवड्यात त्यांच्याच घरी जायचंय भाई. खोटं नाव लक्षात ठेवत बसू का?"

ते हसले नाहीत. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला बी लोक नाव पूछतात."

घरी आल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. सांगता सांगता मला रडू आलं. बाबांनी एवढंच विचारलं, "मंग उठून आलीस का तिथून?"

"नाही. बाजार संपेपर्यंत बसले."

"बराबर केलं," ते म्हणाले आणि मला जेवायला वाढलं.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. कंपनीत असताना इतकी गावं हिंडले, पण आडनाव फारसं कुणी विचारलं नव्हतं. मी 'कंपनीच्या बाई' होते. कंपनीचं नाव माझ्यापुढे चालायचं आणि मी त्याच्या सावलीत. नोकरी सोडली तेव्हा पगार गेला, भविष्यनिर्वाह निधी गेला, ते मी धरून चालले होते. ही सावलीही जाणार, हे मात्र मी धरलेलं नव्हतं. आता माझ्यापुढे माझंच नाव होतं. मी दोन दिवस खोली उघडली नाही. मुंबईच्या बढतीची आठवण आली, हेही खरं. तिसऱ्या दिवशी उघडली, कारण पुढचा बाजार जवळ आला होता आणि आजींनी स्टोचं काय केलं, हे जाणून घेतल्याशिवाय मला राहवेना.

वाटूरला आजींचं घर शोधायला वेळ लागला नाही. त्या ओसरीवर बसल्या होत्या. मी पायरीशी उभी राहिले. आजींनी आत आवाज दिला आणि सून स्टो घेऊन बाहेर आली, कडेवर तान्हं मूल. स्टो पुसून स्वच्छ ठेवलेला होता.

"न्ह्यायला आलीस का?" आजींनी विचारलं.

"विचारायला आले. कसा आहे?"

मग आजींनी सांगायला सुरुवात केली. पहाटे तीन घरांचा चहा यावर झाला, कारण शेजारणी बघायला येऊन राह्यल्या. सुनेला रात्री पाणी गरम करायला उठावं लागायचं, ते सोपं झालं. मग तक्रारी. वात फिरवायचा खटका तापतो, बोट भाजतं. टाकीत रॉकेल किती उरलं ते दिसत नाही. सारवलेल्या जमिनीवर स्टो डुगडुगतो, पाय आखूड आहेत. मी एकेक ऐकत होते, उलट विचारत होते. कंपनीत सात-आठ घरं हिंडून जे हाती लागायचं नाही ते इथे एका ओसरीपुढे मिळत होतं. शेजारच्या बायका येऊन बसल्या. त्यातली एक तीच होती, जिने बाजारात चहा मातीत ओतला होता. ती म्हणाली, "मला बी एक ठेवा की आठ दिवस."

सुनेने चहा आणला. बाकीच्यांना पितळी कप होते. माझ्यासाठी काचेचा एक पेला, कडेला टवका उडालेला. मी तो पाहिला, आणि मी पाहिला हे आजींनी पाहिलं.

मी म्हटलं, "आजी, चहा घेईन तो सगळ्यांच्या कपात. नाहीतर राहू द्या. आपण स्टोचं बोलू."

सून खाली बघत उभी राहिली. आजींनी तिला पेला आत न्यायची खूण केली.

"मंग स्टोचंच बोल," त्या म्हणाल्या.

आम्ही स्टोचंच बोललो. उठताना मी स्टोकडे हात केला, तर आजींनी तो आपल्याकडे ओढला. "ऱ्हाऊ दे आता. किंमत काय ते सांग."

बाहेर फाट्यावर मिस्त्रीभाई पोतं घेऊन थांबले होते. मी त्यांना म्हटलं, "आता बाजारात चहा करायचा नाही. स्टो घरात ठेवायचे. या बाजारी द्यायचा, पुढच्या बाजारी एक तर पैसे, नाही तर स्टो परत."

"आन कोनी पळवला तर?"

"एखादा जाईल. एवढी चित्रं लावायचा खर्च कंपनी करायची, तो यापेक्षा मोठा होता."

त्यांनी हो म्हणायला दोन दिवस घेतले. भाभींनी समजावलं, असं मला नंतर कळलं. मग त्यांनी खटक्याला लाकडी मूठ बसवली, पाय लांब आणि पसरट केले, टाकीला बाजूने एक लहानशी काच लावली. आम्ही दर बाजारी स्टो घेऊन जायचो, घरांत ठेवायचो. एक खरंच गेला, कुठे गेला ते कधीच कळलं नाही. काही परत आले. पण बहुतेक घरांतून पुढच्या बाजारी उत्तर मिळायचं, "ऱ्हाऊ द्या." आठ दिवस पहाटे चूल न फुंकता चहा मिळाला, की नवव्या दिवशी पुन्हा फुंकायला कुणी तयार नसायचं. घरातले पुरुषही नसायचे. चहा त्यांनाही लवकर मिळत होता.

पावसाळा लागेपर्यंत वाटूर-परतूर भागातले दुकानदार जालन्याला येऊन मिस्त्रीभाईंचं दुकान विचारू लागले. त्यांनी दोन कारागीर ठेवले. माझे पैसे त्यांनी न मागता आणून दिले, वर म्हणाले, "खोक्यावर आता काय छापू, ते बी तुमीच सांगा." मी म्हटलं, भाभींना विचारा. त्यांनी विचारलं. भाभींनी सांगितलं ते असं, 'पहाटेचा चहा, धुराविना.' मला त्यापेक्षा बरं काही सुचलं नसतं.

वाटूरला माझं जाणं-येणं वर्षभर चालू राहिलं. आजींच्या घरीही जायचे, कारण त्यांच्याइतकं रोखठोक उत्तर दुसरं कुणी द्यायचं नाही. दिवाळीनंतर एकदा गेले, तेव्हा सुनेने ताटात चहा आणला. सगळे कप सारखे होते. आजी दुसरीकडे बघत कापूस निवडत होत्या. मी कप उचलला आणि प्यायले. सून तेवढी माझ्याकडे बघून जराशी हसली आणि मुलाला घेऊन आत गेली.

मिस्त्रीभाईंनी माझं नाव चार जणांना सांगितलं. त्यांतले एक नवीन जालन्यातले बियाण्याचे व्यापारी. मोठी पेढी, भिंतीला फोन, खुर्च्यांना गाद्या. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि सरळ मुद्द्यावर आले. त्यांची नवी भेंडी होती, बियाणं चांगलं. पण जाफराबादकडे कुणी हात लावत नव्हतं. शेतकऱ्यांच्या बैठका घेतल्या, माहितीची पत्रकं वाटली, उपयोग झाला नाही.

"बैठकीला कोण आलं होतं?" मी विचारलं.

"गावातले मोठे शेतकरी. सगळे आले होते."

"परसात भेंडी लावतं कोण?"

"बायका," ते म्हणाले. मग त्यांनी मुनीमजींना आत बोलावलं आणि म्हणाले, "बाईंना पाकिटं द्या. लहान लहान करून द्या." आणि मला विचारलं, "कधीपर्यंत सांगाल?"

"भेंडी लागल्यावर."

ते मोकळेपणाने हसले. इतका वेळ लावणारा सल्लागार त्यांनी पाहिला नव्हता, असं म्हणाले. पण पाकिटांची पेटी माझ्याकडे सरकवली.

त्या आठवड्यात मी जाफराबादला गेले. यजमानांच्या खोलीमागे मोठं परस होतं, तिथे घरमालकीणबाई आणि त्यांच्या दोन जावा वाल तोडत बसल्या होत्या. मी पेटी खाली ठेवली, पदर खोचला आणि त्यांच्याबरोबर वाल तोडायला बसले. थोड्या वेळाने थोरल्या जाऊबाईंनी पेटीकडे बोट दाखवलं.

"ह्यात काय हाये?"

"भेंडीचं बी," मी म्हटलं. "तुम्ही घरचं बी ठेवता ना? कसं ठेवता, ते सांगा आधी."

तिघीही एकदमच सांगायला लागल्या.